काचेमागचे आकाश

जुन्या वस्तू जपून ठेवणाऱ्या माणसाकडे घरातील मंडळी बहुधा कौतुकाने पाहत नाहीत. बाहुलीचे तुटलेले डोके, बंद पडलेल्या घड्याळाची चक्रे, पिवळ्या पडलेल्या नकाशाचा तुकडा, कोण्या काळच्या नर्तिकेचे चित्र असले काही कोणी साठवू लागला, की 'याचे करायचे काय?' हा प्रश्न ठरलेला असतो. प्रश्न व्यवहाराला धरूनच असतो, कारण बहुतेक संग्रहांचे पुढे काहीच होत नाही. ते माळ्यावर धूळ खात पडतात आणि एके दिवशी रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. तथापि या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर अमेरिकेतील एका अबोल गृहस्थांनी आयुष्यभर परिश्रम करून देऊन ठेवले आहे. त्यांचे नाव जोसेफ कॉर्नेल. चित्रकलेचे कोणतेही शिक्षण नसलेला, रेषा काढण्यात वा मूर्ती घडविण्यात गती नसलेला हा माणूस विसाव्या शतकातील महत्त्वाच्या कलावंतांत गणला जातो, आणि तोही केवळ इतरांनी टाकून दिलेल्या जुन्या वस्तूंच्या बळावर.

कॉर्नेल यांचा जन्म २४ डिसेंबर १९०३ रोजी, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस हडसन नदीकाठी असलेल्या न्याक या गावी झाला. वडील कापडाच्या व्यवसायात होते. चार भावंडांत जोसेफ थोरले. त्यांच्या पाठीवर दोन बहिणी आणि शेंडेफळ रॉबर्ट. रॉबर्टला सेरेब्रल पाल्सी हा विकार होता. चालणे त्याला शक्य नव्हते आणि बोलणेही कष्टाचे होते. १९१७ मध्ये वडिलांचे निधन झाले तेव्हा जोसेफ अवघे तेरा वर्षांचे होते. पुढे शाळा संपली, पण प्रमाणपत्र काही हाती आले नाही. १९२१ मध्ये ते एका घाऊक कापड कंपनीत विक्रेते म्हणून रुजू झाले. कापडाचे नमुने घेऊन दुकानोदुकानी फिरायचे, अनोळखी माणसांशी गोड बोलायचे, मालाची तारीफ करायची; कमालीच्या संकोची स्वभावाच्या तरुणाला याहून अवघड नोकरी क्वचितच मिळाली असती. ती त्यांनी दहा वर्षे केली, कारण घर चालवायचे होते.

१९२९ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, फ्लशिंग येथील एका लहानशा लाकडी घरात राहावयास आले. त्या रस्त्याचे नाव यूटोपिया पार्कवे. 'यूटोपिया' म्हणजे जी कोठेच नाही अशी कल्पनेतील आदर्श नगरी. बहिणी विवाह होऊन आपापल्या घरी गेल्या आणि आई, जोसेफ व रॉबर्ट असे तिघेच त्या घरात उरले. जोसेफ यांनी विवाह केला नाही. ते परदेशी तर कधी गेलेच नाहीत, आणि न्यूयॉर्कच्या परिसराबाहेरही फारसे पडले नाहीत. उरलेले सारे आयुष्य त्यांनी याच घरात काढले.

नोकरीच्या त्या रुक्ष दिवसांत त्यांनी स्वतःसाठी एक विसावा शोधला होता. मॅनहॅटनमधील फोर्थ ॲव्हेन्यूवर त्या काळी जुन्या पुस्तकांच्या दुकानांची रांगच होती. दोन गिऱ्हाइकांच्या भेटींमध्ये जो वेळ मिळे, त्यात कॉर्नेल या दुकानांतून हिंडत. एकोणिसाव्या शतकातील कोरीव ठशांची चित्रे, आकाशातील नक्षत्रांचे नकाशे, पक्ष्यांची रंगीत पाने, ऑपेरा-गायिकांची आणि बॅले-नर्तिकांची छायाचित्रे, युरोपातील प्रवासाची मार्गदर्शक पुस्तके, जुन्या चित्रपटांच्या फिती असे जे जे मनाला ओढ लावील, ते ते घरी येई. या साऱ्याचा उपयोग काय, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हते. वर्षानुवर्षे ही नुसती साठवण चालू होती.

१९३१ च्या अखेरीस त्यांचे पाऊल मॅडिसन ॲव्हेन्यूवर नुकत्याच उघडलेल्या ज्युलियन लेव्ही यांच्या कलादालनात पडले. तेथे युरोपातील अतिवास्तववादी चित्रकारांचे काम येऊ लागले होते. जर्मन चित्रकार मॅक्स अर्न्स्ट यांनी १९२९ मध्ये एक आगळे चित्रपुस्तक प्रसिद्ध केले होते. जुन्या मासिकांतील व कादंबऱ्यांतील ठशांची चित्रे कात्रीने कापून, एका चित्रातील माणूस दुसऱ्या चित्रातील खोलीत आणि तिसऱ्या चित्रातील पक्षी त्याच्या खांद्यावर अशी जुळणी करून, त्यांनी मूळ चित्रकारांच्या स्वप्नातही न आलेले एक जग उभे केले होते. ही चित्रे पाहून कॉर्नेल यांना घरातील आपल्या ढिगांचा अर्थ उमगला. स्वयंपाकघरातील टेबलावर, आई आणि रॉबर्ट निजल्यानंतर, कात्री आणि खळ घेऊन ते कामाला बसले. त्या सुरुवातीच्या चिकटचित्रांपैकी एकात शिडाचे जहाज आहे, त्या जहाजाला एक भलामोठा गुलाब फुलला आहे आणि गुलाबाच्या पोटात कोळ्याने जाळे विणले आहे. ही चित्रे त्यांनी लेव्ही यांना दाखविली. जानेवारी १९३२ मध्ये त्या दालनात अतिवास्तववादी कलेचे जे प्रदर्शन भरले, त्यात साल्वादोर दाली यांच्या वितळत्या घड्याळांच्या प्रसिद्ध चित्रासोबत या कापड-विक्रेत्याचेही काम लागले.

पुढे कागद अपुरा पडू लागला. चित्राला खोली हवी, वस्तूला बसायला जागा हवी, असे वाटू लागले, आणि कॉर्नेल यांच्या हाताला त्यांचे खरे माध्यम लागले: समोरून काच असलेली लाकडी पेटी. सुतारकाम त्यांना येत नव्हते. ते एका शेजाऱ्याकडून शिकून घेतले. पेटी नवी कोरी दिसता कामा नये, यावर त्यांचा कटाक्ष असे. रंगाचे थरावर थर देऊन ते पेटी ऊनपावसात ठेवीत, कधी स्वयंपाकघरातील भट्टीत तापवीत, म्हणजे रंगाला भेगा पडून तिच्यावर काळाची कळा येई. आतल्या बाजूंना जुन्या पुस्तकांची पाने चिकटवीत आणि मग एकेक वस्तू अशी मांडीत, की ती जणू जन्मापासून तेथेच होती.

१९३६ साली केलेली 'साबणाच्या फुग्यांचा संच' ही त्यांची पेटी पाहण्याजोगी आहे. मागील भिंतीवर चंद्राचा जुना फ्रेंच नकाशा आहे. त्याच्यापुढे साबणाचे फुगे उडविण्याची मातीची नळी, पेल्यात ठेवलेले अंडे आणि बाहुलीचे डोके. एवढेच सामान. लहान मूल नळीतून फुगा उडविते आणि आकाशात चंद्र लोंबतो. दोन्ही गोल, दोन्ही चमकदार, दोन्ही हाताला न लागणारे. खेळण्याच्या दुकानातील वस्तू आणि खगोलशास्त्राचे पान यांच्यामध्ये असे नाते असू शकते, हे पेटी पाहिल्यावर पटते. त्याआधी ते कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने दादा व अतिवास्तववाद यांचे मोठे प्रदर्शन भरविले, त्यात ही पेटी मांडली गेली.

अतिवास्तववाद्यांच्या पंगतीत बसविले गेले तरी कॉर्नेल स्वतःला त्यांच्यापैकी मानीत नसत. त्या प्रदर्शनाच्या वेळी संग्रहालयाचे संचालक आल्फ्रेड बार यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे नम्रपणे पण स्पष्ट सांगितले. त्या मंडळींच्या कामाबद्दल आपल्याला आदर आहे, परंतु स्वप्न आणि अबोध मन यांविषयीचे त्यांचे सिद्धान्त आपल्याला मान्य नाहीत, आणि या कलेतून अधिक निकोप असे काही घडू शकते, असा त्यांचा आशय होता. हा भेद महत्त्वाचा आहे. पॅरिसच्या त्या चित्रकारांना प्रेक्षकाला हादरवून सोडायचे होते. विसंगत वस्तू शेजारी ठेवून ते दचकवीत. कॉर्नेलही विसंगत वस्तूच शेजारी ठेवीत, पण त्यांची एकमेकींशी ओळख करून द्यावी अशा रीतीने. पहिल्या प्रकारात बुद्धी चमकते. दुसऱ्या प्रकारात माया दिसते.

हा भेद एकदा सर्वांसमक्ष प्रकटही झाला. १९३६ च्या डिसेंबरात लेव्ही यांच्या दालनात कॉर्नेल यांनी आपला एक लहानसा चित्रपट दाखविला. १९३१ सालच्या एका सामान्य साहसपटाची फीत त्यांना मिळाली होती. ती कापून, कथानक बाजूला सारून, त्यांनी त्यातील नायिकेच्या मुद्रा व हालचाली तेवढ्या जोडल्या होत्या. निळ्या काचेतून तो चित्रपट पडद्यावर उमटत होता आणि सोबत ग्रामोफोनवर ब्राझिलियन संगीताची तबकडी वाजत होती. प्रेक्षकांत दाली उपस्थित होते. मध्येच ते खवळून उठले आणि त्यांनी प्रक्षेपकाचे यंत्र लाथाडले. ही कल्पना आपल्या मनात होती, ती आपण कोणाला सांगितली नव्हती, तरी या माणसाने ती चोरली, असा त्यांचा आक्रोश होता. एका जगप्रसिद्ध चित्रकाराने एका होतकरू माणसाची केलेली ही उलटीच प्रशंसा म्हणावी लागेल. कॉर्नेल यांच्या कोवळ्या मनाला मात्र ती जखम खोल लागली, आणि त्यानंतर आपले चित्रपट लोकांना दाखविण्यास ते फारसे धजले नाहीत.

पेट्या मात्र थांबल्या नाहीत. १९४० मध्ये त्यांनी मारी ताल्योनी या एकोणिसाव्या शतकातील थोर नर्तिकेसाठी एक दागिन्यांची पेटी केली. तिच्याविषयी एक आख्यायिका होती. १८३५ च्या हिवाळ्यात रशियातील एका निर्जन रस्त्यावर एका दरोडेखोराने तिची गाडी अडविली आणि चांदण्यात, बर्फावर अंथरलेल्या कातड्यावर तिला नृत्य करावयास लावले. त्या रात्रीची आठवण म्हणून ती पुढे आपल्या दागिन्यांच्या पेटीत बर्फाच्या खड्यासारखा एक खडा ठेवू लागली, अशी ती कथा. कॉर्नेल यांनी तपकिरी मखमलीच्या पेटीत काचेचे चौकोनी तुकडे ओळीने बसविले आणि झाकणात एक खोट्या हिऱ्यांचा हार लावला. पाच-दहा सेंटच्या दुकानात मिळावे तसले हे साहित्य. पण ती गोष्ट ऐकून पेटीकडे पाहिले, की त्या काचेला थंडी वाजू लागते.

सारेच काही असे स्वप्नाळू नव्हते. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, कॉर्नेल काही काळ युद्धसामग्रीच्या एका कारखान्यात नोकरीस होते. त्याच वर्षीच्या एका पेटीत पोपटांसारख्या रंगीत पक्ष्यांची चित्रे आहेत; त्यांच्या मागे आकड्यांचे निशाणफलक आहेत आणि पुढच्या काचेला गोळीने पडावे तसे भोक पडले आहे. आत रंगांचे शिंतोडे उडाले आहेत, पिसे तळाशी गळून पडली आहेत. जत्रेतील नेमबाजीच्या दुकानाचा हा देखावा आहे. त्यात सैनिक नाही, तोफ नाही, ध्वज नाही. निरपराध जीवांवर काय ओढवले आहे, हे मात्र पाहणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. कल्पनेत रमणारा माणूस जगाच्या दुःखाकडे पाठ फिरवितो, असा जो सार्वत्रिक समज आहे, त्याला या एका पेटीने पुरेसे उत्तर मिळते.

आणखी एक पेटी सुमारे १९५३ मधील. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन हिला ती वाहिलेली आहे. ती आयुष्याच्या उत्तरार्धात ॲमहर्स्ट येथील आपल्या घराबाहेर क्वचितच पडली. पेटी आतून पांढरी आणि जवळजवळ रिकामी आहे. पक्ष्याला बसायची दांडी आहे, तारेची जाळी आहे, पण पक्षी नाही. मागच्या भिंतीत एक लहानशी चौकट आहे आणि त्या चौकटीतून निव्वळ निळे आकाश दिसते. घरातच बांधलेल्या एका माणसाने घरातच राहिलेल्या दुसऱ्या माणसाला लिहिलेले हे पत्र आहे, असे म्हटले तरी चालेल.

घरात बांधलेपण म्हणजे काय, हे कॉर्नेल यांना पुरते ठाऊक होते. नोकरी, आईचे करडे बोल आणि रॉबर्टची सेवा या तिन्ही गोष्टी सांभाळून उरलेल्या रात्री त्यांच्या वाट्याला येत. १९४० च्या सुमारास स्वयंपाकघरातून त्यांचा संसार तळघरात गेला. तेथे खोक्यांवर खोकी रचलेली असत आणि प्रत्येकावर चिठ्ठी: घुबडे, शिंपले, घड्याळाचे भाग, मातीच्या नळ्या. एखादी कल्पना सुचल्यावर तिच्यासाठी निराळी फाईल उघडली जाई आणि वर्षे, कधी दशके, तिच्यात कात्रणे पडत राहत. बाहेरून पाहणाऱ्याला लहर वाटावी, अशी त्यांची प्रत्येक कृती आतून एखाद्या जबाबदार कारकुनाच्या शिस्तीने चाललेली असे. स्फूर्ती येण्याची वाट पाहत ते बसले नाहीत. ती येईल तेव्हा तिला लागणारी वस्तू कोणत्या खोक्यात आहे, हे आपल्याला माहीत असावे, एवढीच तयारी त्यांनी रोज केली.

रॉबर्ट खुर्चीत बसून प्राण्यांची चित्रे काढी आणि खेळण्यातील आगगाड्यांत रमे. थोरल्या भावाने त्याला कधी ओझे मानल्याचे दिसत नाही. फेब्रुवारी १९६५ मध्ये रॉबर्ट गेला. त्यानंतर कॉर्नेल यांनी त्याची चित्रे घेऊन त्यांवर आपली चिकटचित्रे रचली, आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कलादालनात भावाच्या स्मृतीसाठी दोघांच्या कामाचे प्रदर्शन भरविले. ज्या भावाला कोणी कलावंत म्हणून ओळखले नव्हते, त्याचे नाव प्रदर्शनाच्या दारावर लागले. त्याच वर्षी आईही निवर्तली, आणि यूटोपिया पार्कवेवरील घरात जोसेफ एकटेच राहिले.

तोवर कीर्ती चालून आली होती. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले. पण त्यांना मनापासून रुचले ते १९७२ मध्ये कूपर युनियन या संस्थेत खास मुलांसाठी भरविलेले प्रदर्शन. पेट्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावल्या होत्या, आणि उद्‌घाटनाला श्रीमंत संग्राहकांच्या पेयांऐवजी ब्राउनी आणि चेरीचे शीतपेय होते. मुलांना त्या पेट्यांचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागला नसेल. खिशात गोटी, काडी आणि पिसे एकत्र बाळगणाऱ्याला, चंद्र आणि साबणाचा फुगा शेजारी का ठेवले, हे विचारावे लागत नाही.

आयुष्याचा ताळेबंद मांडायचा तर खर्चाची बाजूही प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. हे जीवन एकाकी होते. जिवंत माणसांशी बोलताना जो संकोच त्यांना घेरी, तो काचेमागच्या नर्तिकांशी बोलताना नसे, आणि या सवयीची किंमत त्यांनी मोजली. मृत्यूच्या दिवशी दूरध्वनीवर बहिणीशी बोलताना, आपण इतके आत मिटून राहायला नको होते, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. २९ डिसेंबर १९७२ रोजी, एकोणसत्तरावा वाढदिवस होऊन पाच दिवस झाले असता, त्याच घरात त्यांचे निधन झाले. ज्या पेट्यांनी इतरांचे एकटेपण हलके केले, त्यांनी घडविणाऱ्याचे एकटेपण पुरते मिटविले नाही. त्यांचे अनुकरण करू पाहणाऱ्याने एवढा शेरा लक्षात ठेवावा.

मात्र जमेच्या बाजूला जे आहे, ते कोणत्याही सामान्य माणसाला आधार देणारे आहे. कर्तव्याने बांधलेले आयुष्य कल्पनेला पारखे असते, अशी समजूत करून घेऊन पुष्कळ माणसे आपली आवड निवृत्तीपर्यंत, आणि मग निवृत्तीनंतरही, पुढे ढकलीत राहतात. प्रवास घडला नाही, शिक्षण मिळाले नाही, वेळ उरला नाही, ही तीनही कारणे कॉर्नेल यांच्यापाशी होती, आणि तीनही खरी होती. युरोप न पाहता त्यांनी तेथील जुन्या हॉटेलांच्या जाहिराती वापरून हॉटेलांच्या पेट्या केल्या, ज्यांत कधीही न केलेल्या प्रवासाची हुरहूर आहे. त्यांच्याजवळ होते ते बारीक लक्ष, दीर्घ धीर आणि घरच्या माणसाबद्दलची माया. विचित्र, गमतीदार आणि जुन्या अशा त्या वस्तू इतरांच्याही हाती रोज येत होत्या. त्यांतील एकेक वस्तू कोणासाठी ठेवावी, हे ठरविणारे मन मात्र त्यांनी रोज घासूनपुसून ठेवले.

त्यांच्या मृत्यूनंतर तळघरातील ते भांडार आप्तांनी वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या कलासंग्रहालयाला दिले. तेथे त्यांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र आहे. कात्रणांच्या फायली, पुस्तके, तबकड्या आणि चिठ्ठ्या लावलेली खोकी तेथे जपून ठेवली आहेत. त्यांतल्या कित्येक वस्तू कोणत्याच पेटीत गेल्या नाहीत. आपली जागा मिळेल म्हणून त्या अजून थांबल्या आहेत, आणि अभ्यासक हातमोजे घालून, झाकण उचलून, त्या मांडणाऱ्याच्या मनात काय होते याचा शोध घेत असतात.